मोडलेली विमाने आणि दुरुस्तीची विद्या

(सातपूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर देशाच्या अर्थकारणावर बोलावे, असा आपला रिवाज आहे. मोडक्या विमानांवर एक तास बोलणारा वक्ता क्वचितच भेटावयाचा. परंतु सातपूर हे कारखान्याच्या भोंग्यावर उजाडणारे गाव आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळींनी कानस, कॅलिपर किंवा वेल्डिंगची पेटी हाताळलेली असेल. त्यामुळे मोडलेली वस्तू पुन्हा चालती करण्यात काय गंमत असते आणि काय जोखीम असते, हे मला येथे मुळापासून सांगावयास नको. मी सांगणार आहे ती कथा महायुद्धातील विमानांची आहे; आणि ती विलायतेत घडलेली नसून आपल्या देशात, कानपूर आणि बंगळूर या दोन गावी घडलेली आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. ब्रह्मदेशातील लढाईसाठी आणि चीनला रसद पोहोचविण्यासाठी ब्रिटिश व अमेरिकन विमाने या देशात मोठ्या संख्येने आणून ठेवलेली होती. त्यांपैकी ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर जातीच्या बाँबफेकी विमानांची पुष्कळ मोठी रांग कानपूरजवळ चकेरीच्या तळावर उभी होती. ही विमाने मूळ अमेरिकेची. ‘लेंड-लीज’ नावाच्या उसनवारीच्या कराराने ती ब्रिटनला मिळालेली. उसन्या भांड्याचा नियम आपल्या घरोघर ठाऊक आहे: वापरून झाले की घासूनपुसून परत करावे. परंतु अमेरिकेपाशी स्वतःचीच विमाने इतकी झाली होती की परत घेणे तिला जड होते. मग करारात उरलेला दुसरा मार्ग घेतला गेला. विमाने पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशी करून टाकावयाची आणि निघून जावयाचे.

तसे केले गेले. त्या वेळच्या हकीकती सांगतात की, कोठे इंजिनांत वाळू ओतली, कोठे पत्र्याला भोके पाडली, कोठे वैमानिकापुढील घड्याळे फोडून टाकली. नासधूस करण्यातही माणूस कंटाळा करतो. पहिल्या दहा विमानांवर जितक्या उत्साहाने हातोडा पडला असेल तितक्याच उत्साहाने तो पन्नासाव्यावर पडला नसेल, असा आपला माझा तर्क आहे. आणि पुढे जे घडले ते पाहता तो अगदीच निराधार वाटत नाही.

आता १९४७-४८ सालची आपली अवस्था पाहा. फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली. काश्मीरची लढाई सुरू झाली तेव्हा आपल्यापाशी जड बाँबफेके विमान एकही नव्हते. मेहरसिंग यांच्यासारख्या धाडसी अधिकाऱ्यांनी मालवाहू डाकोटातून बाँब नेऊन ते उघड्या दारातून खाली लोटून दिले. शौर्याची गोष्ट म्हणून ती सांगावयास फार चांगली आहे. परंतु ज्या देशाला दारातून बाँब लोटावे लागतात त्याची अडचण किती असेल, हेही त्यातच कळते. नवी विमाने घ्यावयाची तर परकीय चलन हवे, आणि विकणाऱ्याची मर्जीही हवी. अशा वेळी कोणाच्या तरी डोळ्यांपुढे कानपूरची ती रांग आली.

ज्या संस्थेकडे हे काम आले तिचा आणि आपल्या जिल्ह्याचा एक दुरून का होईना, पण खरा संबंध आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव आपणांस ठाऊक आहे. तेथील साखर कारखाना उभारणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद, त्यांनीच १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना काढला. विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी त्यांची विमानप्रवासात गाठ पडली आणि त्या गाठीतून हा उद्योग निघाला. पुढे जपान युद्धात उतरला, धोका दाराशी आला, आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. नवी विमाने बांधण्याचे स्वप्न बाजूला पडले आणि १९४३ पासून कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या देखरेखीखाली दुरुस्तीचे काम करू लागला. वालचंदांच्या चाहत्यांना यात फार मोठा अन्याय दिसतो. अन्याय असेलही. पण त्या तीन वर्षांत बंगळूरच्या हजारो कामगारांच्या हाताखालून डाकोटा गेले, मिचेल गेले, पाण्यावर उतरणारे कॅटलिना गेले. ही पाठशाळा पैसे देऊनही मिळाली नसती.

आणि येथे एक तपशील आहे, त्याकडे मी कारखान्यातील मंडळींचे मुद्दाम लक्ष वेधतो. लिबरेटरला चार इंजिने असतात. ती प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची ‘ट्विन वास्प’ जातीची. सात-सात सिलिंडरांच्या दोन माळा, म्हणजे एकूण चौदा सिलिंडर, हवेने थंड होणारे, सुमारे १,२०० अश्वशक्तीचे इंजिन. डाकोटाला याच घराण्याची दोन इंजिने असतात आणि कॅटलिनालाही त्याच घराण्याची. म्हणजे ज्या विमानाचे नाव ऐकून परदेशी जाणकार मान हलवीत होते, त्याचे हृदय बंगळूरच्या इंजिन विभागाला ओळखीचे होते! नवीन होता तो त्याला जोडलेला टर्बो, म्हणजे निघून जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाला जास्त हवा पुरविणारा पंखा. बाकीचे बरेचसे हाताखालून गेलेले होते. ‘अशक्य ते शक्य केले’ असे आपण सभांतून सहज म्हणतो. मला ते म्हणणे पटत नाही. त्यांना ते शक्य वाटले, कारण आधीची तीन वर्षे ते हेच करीत होते.

आता प्रत्यक्ष काम. विमान मोठे म्हणजे किती मोठे, ते सांगतो. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट, लांबी सुमारे ६७ फूट, रिकामे वजन सोळा टनांहून अधिक. पोटाची दारे बाहेर न उघडता दुकानाच्या शटरप्रमाणे गुंडाळत वर सरकतात. असे विमान मोडलेले असले म्हणजे पहिला प्रश्न एकच: कणा शाबूत आहे काय? पंखाच्या आत टोकापर्यंत जी मुख्य तुळई जाते, जिला आपण स्पार म्हणतो, ती वाकली किंवा तिला चीर गेली, की ते विमान उभे करण्याचा नाद सोडावा आणि त्याचे भाग दुसऱ्याला द्यावेत. म्हणूनच मोडक्या विमानांची रांग हीच दुरुस्तीची कोठी असते. एकाचे चाक, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याचे इंजिन.

दुसरी गोष्ट पत्रा. विमानाचा पत्रा साध्या अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ड्युरालुमिन होते. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ साली असे आढळले की, हा मिश्रधातू तापवून पाण्यात विझविला की प्रथम मऊ असतो आणि नुसता पडून राहिला असता काही दिवसांत आपोआप कडक होतो. पोलाद विझविताक्षणी कडक होते, हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक असते. येथे सारे उलटे. या उलट्या स्वभावामुळे रिव्हेट मारणाऱ्याची मोठी पंचाईत होते. काही जातींचे रिव्हेट तापवून विझविल्यावर लवकर ठोकले नाहीत तर ते घट्ट होतात आणि ठोकताना तडकतात. यावर उपाय काय, तर ते बर्फाच्या पेटीत ठेवावयाचे! थंडीत त्यांचे कडक होणे लांबते. कामगार पेटीतून मूठभर रिव्हेट काढतो आणि ते गरम होण्याच्या आत ठोकून टाकतो. कुल्फीवाल्याची घाई आणि विमान बांधणाऱ्याची घाई यांत असे साम्य निघते.

जुना रिव्हेट काढणे हेही नाजूक काम. छिन्नीने डोके उडविले तर पत्र्याचे भोक लांबट होते, आणि लांबट भोकात नवा रिव्हेट कितीही ठोकला तरी तो पकड घेत नाही. म्हणून डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरावयाचे, फक्त डोके कापावयाचे आणि दांडी हलकेच पाडावयाची. हात घसरला तर पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो, आणि तसे किती वेळा करता येईल यालाही मर्यादा आहे. एका विमानात असे रिव्हेट लाखांच्या हिशेबात असतात. त्याशिवाय पत्र्यावर दोन्ही बाजूंस शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो ओरखडला आणि पावसाळा अंगावर गेला की आतून पांढरी भुकटी धरू लागते. कानपूरची विमाने किती पावसाळे उघड्यावर होती, याचा हिशेब आपण करावा.

तिसरी गोष्ट वाळू. हे मला सर्वांत दुष्ट वाटते. फुटलेली काच दिसते, वाकलेला पत्रा दिसतो. वाळूचा कण दिसत नाही. तेल जाण्याच्या बारीक वाटा इंजिनाच्या पोटात जागोजाग असतात. त्यांत एक कण राहिला तर तो बेअरिंगवर जाऊन बसतो, आणि जमिनीवर गुणगुणणारे इंजिन दोन तासांनंतर आकाशात जाम होते. म्हणून इंजिन केवळ धुऊन भागत नाही. ते पूर्ण उकलावे लागते, प्रत्येक वाट फुंकून पाहावी लागते, प्रत्येक भाग मोजावा लागतो. एकूण ४२ लिबरेटर उडण्याजोगी झाली. म्हणजे पंखांवर बसलेली इंजिनेच १६८.

अलीकडे अशा कामाला ‘जुगाड’ म्हणण्याची आणि वर त्याचा अभिमान बाळगण्याची पद्धत पडली आहे. मला हा शब्द येथे अगदी सहन होत नाही. तारेने बांधून वेळ निभावून नेणे म्हणजे जुगाड. त्याने सायकल चालेल. चार इंजिनांचे विमान आठ-दहा माणसे घेऊन समुद्रावर शेकडो मैल जाते, ते तारेच्या भरवशावर जात नाही. त्यामागे मोजमापाची वही असते, तपासनिसाची सही असते, आणि ‘हा भाग चालणार नाही’ असे वरिष्ठाला तोंडावर सांगणारा एक तरी मिस्त्री असतो.

परंतु कानपुरास हे सर्व करण्याची सोय नव्हती. यंत्रे, भट्ट्या, तपासणीची साधने बंगळुरास. तेव्हा युक्ती अशी की, कानपुरास विमान एकदा उडेल इतपत नीट करावयाचे, ते उडवीत बंगळुरास न्यावयाचे, आणि तेथे त्याची खरी दुरुस्ती करावयाची. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर. हे काम अंगावर घेतले जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी. ‘जिमी’ मुन्शी म्हणून ते ओळखले जात. ते कंपनीचे मुख्य चाचणी-वैमानिक होते. लिबरेटर चालविण्याचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. एरवी वैमानिक नवे विमान शिकतो तेव्हा विमान तरी धडधाकट असते! येथे वैमानिक नवा, विमान अर्धे बरे झालेले, आणि खाली मध्य हिंदुस्थानातील डोंगर आणि जंगल. तरी एकामागून एक विमाने गेली. १९४८ च्या नोव्हेंबरात हवाई दलाची पाचवी तुकडी या विमानांवर उभी राहिली. स्वतंत्र भारताचे जड बाँबफेके दल हे असे, दुसऱ्याने टाकलेल्या मोडीतून उभे राहिले.

याच मुन्शींनी १९५१ साली ‘एच. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान प्रथम आकाशात नेले. भारतात कल्पिलेले आणि बांधलेले ते विमान आपल्या विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली तयार झाले. घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकून आलेले. दुरुस्तीचे खाते आणि नवनिर्मितीचे खाते यांच्यात सोवळेओवळे मानणाऱ्यांनी हे दोन प्रसंग जवळजवळ ठेवून पाहावेत. एकाच छपराखाली, तीन वर्षांच्या अंतराने, तोच वैमानिक.

लिबरेटरची पुढची हकीकत थोडक्यात. १९५१ मध्ये सहावी तुकडीही त्यांवर उभी राहिली, तिचा तळ पुण्यास आणि काम समुद्रावर टेहळणीचे. १९५७ च्या सुमारास कॅनबेरा ही जेट विमाने आली आणि बाँबफेकीचे काम त्यांच्याकडे गेले. समुद्रावरची टेहळणी मात्र चालू राहिली. १९६८ अखेर ही विमाने निवृत्त झाली, तेव्हा जगातील इतर हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढलेली होती. अमेरिकेने अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधली होती. वितळवून त्यांची भांडी झाली म्हणा ना! आता विलायतेतील व अमेरिकेतील संग्रहालयांना एकाएकी जाग आली, की आपल्यापाशी हे विमान नाही, आणि ते भारतापाशी आहे.

मग एकेक विमान येथून निघाले. १९६८ मध्ये एक कॅनडास गेले. १९६९ मध्ये एक अ‍ॅरिझोनातील टक्सन येथील पिमा संग्रहालयात गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयास भेट म्हणून गेले. ही विमाने पेटाऱ्यात घालून नेलेली नव्हती. ती स्वतःच्या पंखांवर उडत गेली. ज्यांना १९४५ नंतर कामातून काढण्यासाठी हातोडे चालविले, ती विमाने पंचवीस-तीस वर्षांनी समुद्र ओलांडून परत गेली. आणखी एक १९८० नंतर एका इंग्रज संग्राहकाने विकत घेतले, ते पुढे अमेरिकेत गेले आणि तेथे कित्येक वर्षांच्या कामानंतर १९८९ मध्ये पुन्हा उडाले. आज जगात पूर्ण स्वरूपात उरलेली लिबरेटर फार थोडी आहेत आणि त्यांपैकी बरीच भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत.

ती पाहावयास गेलात तर मात्र तुम्हांला ती भारतीय म्हणून ओळखू येणार नाहीत. कॅनडातील विमानावर कॅनडाच्या हवाई दलाच्या खुणा आहेत, अमेरिकेतील विमानांवर अमेरिकेच्या तुकड्यांचे रंग. ब्रिटनमधील विमानाला त्याचा स्वतःचा युद्धकाळातील क्रमांक दिलेला आहे, तेव्हा त्यांना खोटे म्हणता येणार नाही. परंतु ते विमान ब्रिटिश सेवेत राहिले ते महिन्यांच्या हिशेबाने आणि आपल्या सेवेत राहिले ते वर्षांच्या हिशेबाने. एखाद्या बाईचे चरित्र लिहावे आणि ते तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संपवावे, त्यातला हा प्रकार. जुन्या विमानाची दुरुस्ती करणाऱ्यापुढे हा प्रश्न नेहमीच असतो: त्याचे कोणते वय परत आणावयाचे? पत्र्याखालचे उत्तर आणि रंगातले उत्तर एक नसते. बंगळूरच्या कामगाराने बसविलेला रिव्हेट त्या रंगाखाली आजही असेल. दिल्लीस पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक लिबरेटर आपल्या चक्रासह उभे आहे. मुलांना दिल्लीस नेलेत तर ते दाखवावे, एवढी माझी शिफारस.

आपणही याच प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. २०१८ साली हवाई दलाला एक डाकोटा विमान भेट मिळाले. आयर्लंडातून ते भंगार म्हणून घेतलेले, इंग्लंडात उडण्याजोगे केलेले, आणि राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वैमानिक पित्याच्या स्मरणार्थ दिलेले. ‘परशुराम’ असे त्याचे नाव ठेवले आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक त्यावर घातला. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला श्रीनगरला शीख पलटणीचे जवान नेणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक. हे विमान ते नव्हे. पण त्याच पिढीचे आहे. मला हे गैर वाटत नाही, फक्त पाटीवर तसे स्पष्ट लिहिले असावे.

सर्वच मोडकी विमाने हात लावण्यासारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. आसामातून चीनकडे जाताना अरुणाचल आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांत अमेरिकनांची जवळजवळ ६०० विमाने पडली. त्यांतील कित्येकांत माणसे तशीच राहिली. ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे नाव घेऊन उडणारे एक लिबरेटर आठ जणांसह १९४४ च्या जानेवारीत नाहीसे झाले. ते अरुणाचलातील डोंगरात सापडले २००६ मध्ये, आणि तेथून मिळालेले अवशेष २०१६ मध्ये मायदेशी गेले. अशा ठिकाणचा पत्रा पत्रा नसतो. त्या भागातील गावकऱ्यांनी पूर्वी त्याची भांडी आणि दावे केले, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना तो जंगलातला माल होता. आता पासीघाट येथे २०२३ पासून त्या अवशेषांचे संग्रहालय आहे. तेथे ते आहेत तसेच, वाकलेले ठेवले आहेत, आणि तेच योग्य आहे.

शेवटी आपल्या दाराशी येतो. यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. ते संरक्षणमंत्री असताना ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यावर किती घरांच्या चुली पेटल्या, हे मी नाशिककरांना सांगू नये. ते मिग-२१ विमान २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. आता ते चौकाचौकांत खांबावर चढेल. इंजिन काढलेले, पोकळ, पावसाचे पाणी सांध्यांत मुरलेले आणि शेपटीत कबुतरांचे घरटे. मुले त्याच्याकडे पाहतील, यात वाईट काही नाही. पण एक तरी विमान छपराखाली, उघडे करून, आतील तारा आणि नळ्या दिसतील असे ठेवावे; त्याच्या शेजारी ज्या साच्यावर ते जोडले गेले तो साचा ठेवावा; आणि जोडणाऱ्या खात्याच्या कामगारांची यादी ठेवावी.

यादीचा आग्रह मी अशासाठी धरतो की, कानपूरच्या कामात मुन्शींचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, ते राहावयासच हवे होते. वाळू काढणाऱ्यांची आणि रिव्हेट मारणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. ओझरचे जुने कामगार सातपूर-सिडकोत आजही राहतात. कित्येकांच्या माळ्यावर त्यांच्या हस्ताक्षरातील मापांच्या वह्या, शिकाऊ असतानाच्या परीक्षेचे नमुने, खात्याचा एखादा फोटो पडलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याकडे जातो. येथे त्र्यंबक रस्त्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील चार मुलांनी दोन सुट्ट्यांत घरोघर जाऊन या वह्यांची नोंद केली आणि फोटोंतील माणसांची नावे मागे पेन्सिलीने लिहून घेतली, तर काम होण्यासारखे आहे. फोटोतील माणसे ओळखणारे लोक अजून आहेत.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. पुढे तीन-चार पांढऱ्या केसांची मंडळी मघापासून काही बोलू पाहत आहेत. त्यांतील कोणी ओझरचे असतील तर त्यांनी आधी बोलावे.